मोघे सरांची राई

मोघे सरांनी आयुष्यातला पहिला नारळ देवीपुढे ठेवला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि चेहरा सरकारी कचेरीत सहीसाठी ताटकळल्यासारखा झाला होता.

"शेंडी देवीकडं करा," चिंधूनाना गुरव म्हणाले.

सरांनी नारळ फिरवला. "आता?"

"आता हात जोडा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. जन्मभर पुण्यातल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला हात जोडताना बघणं मला जड जात होतं. काकू, म्हणजे सरांची बायको, मात्र शेजारी उभ्या राहून मजेत बघत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे दृश्य त्यांनाही नवीनच होतं.

धामणखिंड हे गाव पुण्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईची देवराई आहे. देऊळ असं नाही. एका जुन्या बेहड्याखाली शेंदराने माखलेला तांदळा, म्हणजे देवीचा अनघड दगड, पुढे चार दगडांचा ओटा. त्या दिवशी सकाळी अख्खं गाव तिथं येऊन बसलं होतं, कारण देवीला कौल लावायचा होता आणि प्रश्न सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा होता. सरांना स्वतःच्या जमिनीवरची, स्वतःच लावलेली थोडी झाडं तोडून स्वतःसाठी घर बांधायचं होतं. त्यासाठी देवीची परवानगी लागत होती. आणि ही पाळी सरांवर दुसऱ्या कुणी नाही, खुद्द सरांनीच आणली होती.

निवृत्त झाल्यावर सरांनी गावाला लागून असलेला एक बोडका डोंगर विकत घेतला. तिथं मूळचं जंगल परत उभं करायचं आणि त्या जंगलात घर बांधून राहायचं, असा त्यांचा बेत होता. मी तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकून नुकतीच बाहेर पडले होते आणि डोंगरी झाडांची रोपवाटिका काढायचं खूळ माझ्या डोक्यात होतं. सरांनी मला त्या डोंगराच्या पायथ्याशी जागा दिली. बाजारात रोपं मिळायची ती गुलमोहराची आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची. हिरडा, बेहडा, अंजनी, कुंभा यांची रोपं करायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. ती बियांपासूनच करायला हवीत, बियांसाठी म्हातारी झाडं हवीत, आणि आसपासच्या डोंगरांवरच्या म्हाताऱ्या झाडांचा केव्हाच कोळसा झाला होता. उरली होती ती देवराईत. आणि देवराईतलं काही बाहेर न्यायचं नाही, खाली पडून कुजणारं फळसुद्धा नाही, असा गावाचा नियम.

म्हणून तेव्हा पहिला कौल लावला होता; त्या वेळी नारळ नानांनीच ठेवला होता. देवीने बी न्यायला होकार दिला. पण नानांनी गावाच्या वतीने एक अट सांगितली.

"आईनं बी दिलं. पर तिची लेकरं जातील तिथं ती बी जानार. त्या डोंगरावर तिची राखण बसली. तिथं कोयता न्हाय, कुऱ्हाड न्हाय, गुरं न्हाईत."

अट ऐकून सर इतके खूश झाले की परतताना वाटेत त्यांनी मला दोनदा थांबवलं.

"वैजयंती, अगं, फुकटचं कुंपण मिळालं आपल्याला."

"पण सर, तुम्ही तर हे काही मानत नाही."

"मी कुठं मानायचंय? त्यांनी मानलं की झालं."

आणि त्यांनी खरोखरच तारेचं कुंपण घालायचा बेत रद्द केला. उलट एक पत्र्याची पाटी स्वतःच्या हाताने रंगवली: 'ही वाघजाईची राई आहे. येथील फांदी तोडणाऱ्याकडे देवी पाहून घेईल.' अक्षर फार सुरेख होतं. गावाने ती अट मुकाट्याने पाळली. ज्ञानू ढेब्यांची गुरं गावात सगळ्यांत जास्त, ती पलीकडच्या माळाला जाऊ लागली. बायका सरपणासाठी हा डोंगर ओलांडून पुढच्या डोंगरावर जाऊ लागल्या. हे सगळं सरांना दिसत होतं, पण फुकटच्या कुंपणाचा भार कुणाच्या डोक्यावर होता याचा हिशेब त्यांनी मांडला नव्हता.

रोपवाटिकेत मात्र सरांसारखा माणूस नव्हता. जांभळाची बी वाळली की मेली, म्हणून ती गोळा केल्या दिवशीच पिशवीत गेली पाहिजे. सर भर पावसात छत्री टाकून बिया टोचत बसायचे. हिरड्याने तर आमचा अंत पाहिला. बी कठीण कवचाची, महिनोन् महिने पिशवीत नुसती माती. आम्ही फळं शेणाच्या खड्ड्यात कुजवली, कवचं घासली, पाण्यात भिजवली, उन्हात टाकली. सर रोज सकाळी उकिडवे बसून वाफ्याकडे बघायचे. ज्या दिवशी हिरड्याचं पहिलं रोप वर आलं त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले. शेवंता, ज्ञानूंची सून, आमच्याकडे पिशव्या भरायला यायची. ती म्हणाली, "सर, नातू झाला व्हय?" सर म्हणाले, "त्याहून अवघड काम होतं."

घराची जागा सरांनी पहिल्यापासून राखून ठेवली होती. उतारावरचा एक सपाट टप्पा, तिथून पश्चिमेची दरी दिसायची. घराचा आराखडा त्यांनी स्वतःच काढला होता. पडवी कुठल्या दिशेला, खिडकी कुठे, हे ते मला काठीने जमिनीवर रेघा मारून दाखवायचे. पण दर पावसाळ्यात लावून लावून काही रोपं उरायची. पिशवीत मुळं गुंडाळत चाललेली, पुढच्या वर्षापर्यंत न जगणारी. मी म्हणायचे, टाकून देऊ. सर म्हणायचे, छे, घराच्या जागेवर लाव तात्पुरती, मग हलवू. हिरडा हलवता येत नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी दर वर्षी तेच. शेवटी आख्ख्या डोंगरावर सगळ्यांत दाट जंगल कुठे झालं असेल तर ते सरांच्या दिवाणखान्यात.

मग एका वर्षी सर म्हणाले, आता घर. मजूर शोधले तर गावातलं कुणी कुऱ्हाड उचलेना. तालुक्याहून माणसं आणली. ती करवत घेऊन आली, पाटी वाचली, चहा प्यायली आणि परत गेली. सरांनी त्यांना समजावायचा प्रयत्न केला की पाटी त्यांनीच लिहिली आहे. ते ऐकून ती अजूनच घाईने गेली.

म्हणून त्या सकाळी हा नारळ.

चिंधूनानांनी पांढऱ्या फुलाच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या. एक कळी तांदळ्याच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार.

"सवाल काय घालू?" नानांनी विचारलं.

"घरापुरती झाडं तोडायची आहेत, एवढंच विचारा," सर म्हणाले. "फक्त तेवढ्याच जागेची."

नानांनी मान हलवली. "आई गुंठ्यावर बोलत न्हाय सर. राखण हाय न्हायतर न्हाय."

"बरं, तुमच्या पद्धतीनं विचारा."

सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "उजव्या बाजूला शेंदूर खडबडीत आहे. तिकडची कळी जास्त वेळ धरून राहणार. नकारच येईल बघ."

मला नकारच हवा होता. त्यातलं झाड न् झाड मी पिशवीत असताना पाहिलं होतं. पण जमीन त्यांची, म्हातारपण त्यांचं, आणि त्या घराच्या आशेवर ते इतकी वर्षं राबले होते. मी कुठल्या तोंडाने बोलणार? मी मनातल्या मनात त्या खडबडीत शेंदरावर भिस्त ठेवली.

"आई," नाना मोठ्याने म्हणाले, "पल्याडच्या डोंगरावरची तुजी राखण उठवतीस का?"

फारसा वेळ लागला नाही. उजवी कळी टपकन पडली.

सरांचा चेहरा उजळला. ते काकूंकडे वळले, "बघितलंस?" आणि एकदम लहान मुलासारखे हसले. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्यासाठी बरंही वाटलं. तेवढ्यात मागे ज्ञानू ढेबे गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चला, मोकळीक झाली," ते म्हणाले. "सर, उद्या सकाळी धा मानसं घिऊन येतो. आदी तुमच्या घराची जागा साफ करून दितो. मग आमचं आमी बगतो."

"तुमचं म्हणजे काय?"

"म्हंजे आमचं. गुरं सोडू की आता. गोठ्याला वासं पायजेत, तिथं अंजनी चांगली वाढलीया."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. शेवंता कुणाला तरी सांगत होती, "बरं झालं बाई, आता पुढच्या डोंगरापतूर तंगडतोड न्हाय."

"थांबा," सर म्हणाले. "मी फक्त घराच्या जागेचं विचारलं होतं."

"तुमी इचारलं, पर आईनं समदी राखण उठवली. नानांनी तुमाला आदीच सांगितलं न्हवं का?"

"पण जमीन माझी आहे, ज्ञानूभाऊ."

"जमीन तुमचीच की. ती कोन खातंय?" ज्ञानू समजुतीच्या सुरात म्हणाले. "झाडं आईची हुती. आता ती बी म्हनली, नगंत मला. तुमी लावल्याली हायेत, ह्ये खरं. पर बी आमच्या राईतलं, आन इतकी वर्सं आमी हात लावला न्हाय म्हनून वाढली. आता आमाला बी थोडी लागंल का न्हाय?"

  ज्ञानू भांडत नव्हते. मुलीचं लग्न ठरल्यासारखे प्रसन्न होते, हेच अवघड होतं.

सर ओट्यावर बसले. म्हणाले, "नाना, पुन्हा लावा कौल."

"का?"

"एका प्रयोगावरून निष्कर्ष काढत नाहीत."

"आईची परीक्षा घेता व्हय?" नाना दुखावले गेले. "त्योच सवाल वरसात दोनदा घालत न्हाईत."

"मग दुसरा विचारा," काकू पहिल्यांदाच बोलल्या.

"दुसरा कुठला?"

"तुम्हाला घर हवंय की झाडं, ते आधी ठरवा. मग सुचेल."

 सर उठले आणि थेट तांदळ्यासमोर जाऊन उभे राहिले, वर्गात फळ्यासमोर उभे राहत असतील तसे.

"मी जर घर बांधलं नाही," ते देवीला म्हणाले, "कधीच बांधलं नाही, तर तू राखण परत बसवशील का?"

"आसं न्हाय चालत," नाना म्हणाले. "आईसंगं सौदा न्हाय. सोडायचं आसंल तर आदी सोडा. मग इचारा."

"आणि सोडून ती नाही म्हणाली तर?"

"तर न्हाय."

सर काकूंकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे?"

"मला तुम्ही फक्त ओटा किती उंच हवा तेवढं विचारलं होतंत," काकू म्हणाल्या. "बाकी घर तुमचंच होतं. तुम्हीच बघा."

नानांनी तांब्या काकूंच्या हातात दिला. सरांनी उजवा तळवा पुढे केला.  काकूंनी त्यावर पाणी ओतलं. सर स्पष्ट आवाजात म्हणाले, "या डोंगरावर मी घर बांधणार नाही." पाणी बोटांतून खाली गेलं.  ज्ञानूंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

नानांनी नव्या कळ्या लावल्या. "आई, राखण परत बसवतीस का?"

या वेळी बराच वेळ गेला. कळ्या हलेचनात. सर डोळे न मिटता उजव्या कळीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी आयुष्यात कधी कुणाची प्रार्थना केली असेल तर ती तेव्हा, हे मी शपथेवर सांगेन. मीही केली. मग वाऱ्याची झुळूक आली असेल किंवा नसेलही, पण डावी कळी घरंगळली आणि ओट्यावर पडली.

"म्हणजे?" सरांनी विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

"म्हंजे न्हाय," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "उठली की लगीच बसत न्हाय ती. काय करनार."

ज्ञानू पुढे आले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "सर, जाऊ द्या. तुमी घर बांदा. आता राखण न्हाय, काय न्हाय, आडवतंय कोन?"

"मी पाणी सोडलं, ज्ञानूभाऊ."

"सर, पाणीच होतं नुसतं," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

"वैजयंती," सर म्हणाले, "सगळ्या गावासमोर बोललो मी."

राईतून उतरताना ते काकूंना सांगत होते, "दोन्ही वेळा विरुद्ध जाण्याची शक्यता पाव असते. फार असंभव नाही."

"हो का," काकू म्हणाल्या. "चप्पल घाला, काटा लागेल."

मी वाटेत मागे थांबले आणि एका दगडावर बसून रडले. घर गेलं होतं आणि झाडंही जाणार होती. देवीचा मला इतका राग आला की ती आहे असं मी धरूनच चालले होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू माणसं घेऊन आले तर सर आधीच डोंगरावर. हातात काठी, डोक्याला मफलर.

"सर, बाजूला व्हा, फांदी पडंल अंगावर."

"पाडा की. कुठलं झाड घेताय?"

"ह्ये."

"हा हिरडा. याची गोष्ट माहितीये? बसा, सांगतो."

आणि त्यांनी सांगितली. शेणाचा खड्डा, कवचं घासणं, महिनोन् महिने रिकाम्या पिशव्या, किती बिया पेरल्या तर किती उगवल्या, आणि त्यातून सरासरी कशी काढायची. माणसं शहाण्यासुरत्या घरची होती. म्हातारा बोलतोय तोवर कुऱ्हाड कशी चालवायची, म्हणून उभी राहिली. ऊन चढलं तेव्हा सर अंजनीवर आले होते. माणसं एकेक करून जेवायला गेली.

सरांनी गावात नानांच्या पडवीलगतची खोली घेतली. काकू पुण्याहून येऊन जाऊन असायच्या. पुढची सहा-सात वर्षं सर रोज उजाडताच डोंगरावर जायचे आणि दिवस मावळला की खोलीवर परतायचे. त्यांनी कधी कुणाला अडवलं नाही, पोलिसांची भाषा केली नाही. फक्त कुऱ्हाडीचा आवाज आला की काठी टेकत तिथं जायचे आणि शिकवायला लागायचे. बायका वाळकं सरपण न्यायला आल्या तर स्वतः मोळी बांधू लागायचे, आणि तेवढ्या वेळात जांभळाची बी का वाळू द्यायची नाही ते सांगून टाकायचे. कडेची काही झाडं गेली, गुरांनी थोडी खाल्ली. पण ज्ञानूंनीच एकदा मला सांगितलं, "ताई, वासं आमी इकत आनलं. सरांचं एवडं आयकून घेन्यापरीस त्ये सोपं." गुरंही हळूहळू माळावर परत गेली, कारण राखायला जाणाऱ्या माणसाला सरासरी काढावी लागायची.

सर गेले ते पुण्यात, मुलाच्या घरी, दुपारी झोपेत. मी त्या वेळी कोकणात दुसऱ्या रोपवाटिकेच्या कामाला लागले होते. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मला वाटलं, आता डोंगरही गेला. राखण नाही, सर नाहीत, आणि गावाला चूल पेटवायला सरपण तर रोजच हवं. तिकडे जाऊन ते बघायचा मला धीर होईना. मी वर्षभर गेले नाही.

गेले तेव्हा उन्हाळा होता. गाडी रोपवाटिकेच्या जुन्या जागेपाशी लावली आणि वर बघितलं. डोंगर होता तसा होता. नव्हे, जास्तच दाट झाला होता. घराच्या जागेवर तर आत शिरायला वाट उरली नव्हती. खाली पडलेल्या वाळक्या फांद्यांनाही कुणी हात लावलेला दिसत नव्हता.

इतक्यात पलीकडून शेवंता आली. डोक्यावर सरपणाची मोठी मोळी, घामाने निथळत. पुढच्या डोंगरावरून, सगळा वळसा घालून आली होती. मला बघून तिने मोळी खाली टाकली आणि पदराने तोंड पुसलं.

"अगं शेवंता, इतक्या लांबून का आणतेस? इथं पायाखाली लाकूड पडलंय. राखण तर केव्हाच उठली."

"आईची उठली, ताई," ती म्हणाली. "तिकडं सर असत्यात."

"सर गेले ना गं."

"म्हनून तर," शेवंताने डोंगराकडे नीट बघितलंही नाही. "आदी रातचं घरी तरी जायाचं."